गीतकाराचा रकाना

मी जाखडीची गाणी लिहितो. पायात चाळ बांधून, ढोलकीभोवती गोल फिरत, गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे जो नाच होतो तो जाखडीचा. त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत, तिथल्या तिथे, त्याला उत्तर द्यायचे. आमचे मंडळ जयगडच्या बाजूच्या एका गावाचे, शक्तीवाल्यांचे. मी स्वतः नाचत नाही आणि गातही नाही. गाणाऱ्याच्या मागे, पेटीशेजारी, मांडीवर वही घेऊन बसतो. पोटापाण्यासाठी मी रत्नागिरीच्या दस्तनोंदणी कार्यालयात कारकुनी केली आणि तिथूनच निवृत्त झालो.

आमच्या मंडळात एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूंचे नाव येते. ज्यांनी मंडळ उभे केले ते माझे गुरू. ते स्वतःच्या गाण्यांत आपले नाव घालत. ते वारल्यानंतर गाणी मी लिहू लागलो आणि नाव त्यांचेच ठेवले. मला कोणी तसे सांगितले नव्हते. माझे नाव घालावे, असेही कोणी सुचवले नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव पुढे करणे आमच्यात हलके समजले जाते. त्यामुळे गाणे गुरूंच्या नावाने ओळखले जाई आणि ते कोणी लिहिले हा प्रश्न निघत नसे.

तो प्रश्न दोन वर्षांपूर्वी निघाला.

आमच्या मंडळाचा गायक माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर लाद्या फोडून मचव्यांवर चढवायच्या आणि संध्याकाळी तालमीला यायचे, असे त्याने बावीस वर्षे केले. त्याचा गळा चांगला आहे. हे मी त्याला कधी सांगितलेले नाही. त्या वर्षी गणपतीत मंडळाला दोनच ठिकाणची बोलावणी आली होती, त्यातले एक आमच्याच गावातले. नाचणारी मुले मुंबईला आणि पुण्याला गेली होती. भाचा एक दिवस घरी आला, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, “मामा, ह्या वर्षी बगायचा. नायतर ढोलकी देवळात ठेवायची आणि मंडळ बंद करायचा.”

मी म्हटले, “ठीक आहे.”

“ठीक आहे काय? तुमाला कायच वाटत नाय?”

“वाटून बोलावणी येत नाहीत,” मी म्हटले. तो न जेवता गेला.

त्यानंतर महिन्याभराने मुंबईहून एका बाईंचा फोन आला. त्या एका मराठी चित्रपटाच्या संगीताचे काम बघत होत्या. चित्रपटाची कथा बोटीवर नोकरी करणाऱ्या एका खलाशाच्या बायकोची. आमच्या कार्यक्रमाचे, कोणीतरी मोबाइलवर घेतलेले चित्रण त्यांनी पाहिले होते. त्यातले एक गाणे त्यांना चित्रपटात हवे होते. नायिका एसटीतून उतरते आणि चढण चढते, तेवढ्या वेळात ते मागे वाजणार होते. एकेचाळीस सेकंद. गाण्याचे धृपद असे:

सडा चढून आले मी, रेंज काही मिळेना,
बोट कुठल्या दर्यात, कुणा काही कळेना.

सडा म्हणजे गावावरचे कातळाचे पठार. ज्या गावांत मोबाइल लागत नाही, तिथल्या बायका नवऱ्याशी बोलायला संध्याकाळी सड्यावर चढतात. माझी बहीण चढत असे. भाच्याचे वडील तेलाच्या बोटीवर होते. गाणे मी तिला पाहूनच लिहिले होते.

बाईंनी प्रथम भाच्याला फोन केला होता आणि त्याने त्यांना माझ्याकडे वळवले होते. “कागदपत्रा मामा बगतात,” असे तो म्हणाला म्हणे. बाई मला एकदम काका म्हणू लागल्या. बोलणे मात्र मुद्द्याचे होते. ते मी वहीत उतरवून घेतले.

त्या म्हणाल्या, “काका, गाणं पिक्चरमध्ये आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. तिथून काम सुरू होतं. थेटरातून बाहेर पडल्यावर माणूस मोबाइलवर गाणं शोधतो. त्याच आठवड्यात शोधतो. सापडलं नाही की विसरतो.”

“सापडण्यासाठी काय करावे लागते?”

“अख्खं गाणं नीट रेकॉर्ड करून ठेवा. पिक्चर लागायच्या आधी ते बाहेर आलेलं पाहिजे. मंडळाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असं नको. खाली फोन नंबर द्या. आणि गाणं कायमचं आम्हाला लिहून देऊ नका. आम्ही मागू, पण देऊ नका. फक्त या पिक्चरपुरतं द्या.”

आपल्याच बाजूच्या विरुद्ध सल्ला देणारी व्यक्ती मला नोकरीत फार थोड्या वेळा भेटली होती. मी त्यांना त्याचे कारण विचारले. त्या हसल्या. “माझे आजोबा भजनी मंडळात होते, काका,” एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी एक अर्ज पाठवला. चित्रपटात कोणते गाणे, कोणत्या दृश्यात, किती सेकंद वाजले, ते कोणी लिहिले, चाल कोणाची आणि गायले कोणी, याचा तक्ता त्यात होता. चित्रपट पुढे टीव्हीवर दाखवला की हाच तक्ता त्याच्यासोबत जातो. “यात नाव चुकलं की पुढे सगळीकडे चुकतं,” बाई म्हणाल्या. “पिक्चरच्या शेवटी नावांची पाटी सरकते, तिच्यावरही हेच नाव येणार.”

मी अर्ज स्वच्छ अक्षरात भरला. गायकाच्या रकान्यात भाच्याचे नाव लिहिले. चाल पारंपरिक, असे नोंदवले. गीतकाराच्या रकान्यात गुरूंचे नाव लिहिले.

हे लिहिताना हात थांबला नाही. गाण्यात त्यांचे नाव आहे, म्हणून गीतकाराच्या जागी त्यांचे नाव, इतका सरळ विचार होता. खाली छापले होते की वरील मजकूर खरा असून मी जबाबदारीने सही करीत आहे. त्याखाली मी सही केली. असल्या मजकुराखाली लोकांनी न वाचता सही केली, म्हणून मी नोकरीत कित्येकांना टेबलासमोर उभे करून सुनावले आहे.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. “काका, गीतकार हयात नाहीत ना? मग त्यांच्या वारसाची सही लागेल.”

गुरूंचा मुलगा दापोलीला राहतो. कृषी विद्यापीठात नोकरी करून निवृत्त झाला आणि आता घरामागे आंब्याची कलमे बांधून विकतो. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी गुरूंच्या घरी शिकायला राहिलो तेव्हा तो पाटीवर अक्षरे गिरवत असे. मी सकाळच्या एसटीने दापोलीला गेलो. तो अंगणात कलमांच्या पिशव्यांत माती भरत होता. हात धुऊन त्याने चष्मा लावला आणि अर्ज उभ्याउभ्याच वाचला. मग धृपद पुन्हा वाचले.

“दादा, हे गाणं बाबांचं?”

“मंडळाचे आहे.”

“ते नाही विचारलं. लिहिलं कोणी?”

मी कलमांच्या पिशव्यांकडे पाहिले.

“बाबा गेले तेव्हा आमच्या घरात साधा फोन नव्हता. पोस्टात जाऊन नंबर लावायला लागायचा. त्यांनी रेंज कुठून लिहिली?” तो आतल्या दाराकडे वळून बायकोला म्हणाला, “ऐकलंस का? बाबा वारल्यावर मोबाइल घेऊन बसलेत.”

आतून हसू आले. मला हसण्यासारखे काही दिसले नाही.

मी त्याला आमची रीत सांगितली. ती त्याला माहीत होती. तो म्हणाला, “शेवटच्या कडव्यात नाव घालता ते ठीक आहे. तो मान झाला. पण हा अर्ज आहे, दादा. यात विचारलंय कोणी लिहिलं. मी सही केली तर ती खोटी होईल. तुम्ही केलीत ती खोटीच आहे. तुम्ही, आणि अशी सही!”



त्याने मला ओटीवर बसवले. चहा आला. तो म्हणाला, “बाबांच्या नावाची तुमची अशी किती गाणी आहेत?”

“शंभराच्या वर.”

“शंभराच्या?” त्याने कप खाली ठेवला. “लोक मला सांगतात, तुमच्या वडलांची गाणी काय होती! मी मान डोलावतो. ते होडीचं गाणं तरी बाबांचं ना? शिडाला ठिगळ लावतात ते?”

“नाही.”

“सुनेने सासूला उत्तर दिलेलं?”

“नाही.”

“आणि पाऊस यायच्या आधी कौलं चाळतात ते?”

“ते त्यांचे. आणि त्यांच्या सगळ्यांत तेच उत्तम.”

तो बराच वेळ अंगणाकडे बघत बसला. मला वाटले, तो रागावला आहे. रागावण्याचा त्याला हक्क होता. त्याच्या वडिलांच्या कीर्तीत मी तीस वर्षे भर घातली होती. आता त्यातले किती त्याचे राहिले, हे त्याला एका चहात मोजावे लागत होते. शेवटी तो म्हणाला, “मी सही करणार नाही. तुम्ही तुमचं नाव लिहा. माझी हरकत नाही, हे कागदावर हवं असेल तर देतो.”

“कागद नको,” मी म्हटले.

निघताना त्याने मला एक कलम दिले. ते एसटीत मांडीवर घेऊन मी रत्नागिरीला आलो.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक माझ्या घरी झाली. भाचा होता, ढोलकीवाला होता, आणखी चौघे होते. ढोलकीवाला माझ्याच वयाचा, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेला. गुरूंच्या वेळेपासूनचे आम्ही दोघेच उरलो आहोत. मी झालेली चूक सांगितली. दोन वाटा आहेत, असेही सांगितले. माझे नाव लिहून अर्ज पुन्हा पाठवायचा, किंवा गाणे मागे घ्यायचे. बाईंनी चार दिवसांची मुदत दिली होती. त्यानंतर त्या दुसरे गाणे घेणार होत्या.

मी म्हटले, “माझे मत, गाणे मागे घ्यावे. गुरूंचे नाव काढून मी स्वतःचे घालणार नाही.”

भाचा उठून उभा राहिला. “मामा, बावीस वर्सा मी तुमची गाणी म्हटली. बावीस वर्सांत एक माणूस मुंबईवरना फोन करून बोलला की तुमचा गाणा आमाला होया. एक माणूस! आणि तुमी नको बोलताव?”

“रीत आहे.”

“रीत मंडळाची हाय. मंडळ बंद झाला की रीत कोणाची? देवळातल्या ढोलकीची?”

सुपारी कातरत ढोलकीवाला म्हणाला, “आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारलेस रे. एक स्वतःच्या नावावर मार. मरणार नाहीस. आणि मेलास तर पुढल्या गाण्यात तुझा नाव घालू.”

सगळे हसले. भाचा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या बोटांच्या पेरांना बर्फाने पडलेल्या भेगा होत्या, त्यांत कसलेसे मलम भरलेले होते. मी त्यांना चहा पिऊन जायला सांगितले आणि अर्जाचा दुसरा कागद काढला.

गीतकाराच्या रकान्यात माझे नाव लिहायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला. अक्षर नेहमीसारखे आले नाही. पण मजकूर खरा होता आणि सही करताना तो मी वाचला.

त्यानंतर बाईंनी सांगितलेली कामे एकेक करून उरकली. भाच्याने कारखान्यातून दोन दिवस रजा काढली. शहरात एका दुकानाच्या माडीवर ध्वनिमुद्रणाची खोली आहे. लग्नाच्या चित्रफितींना संगीत जोडण्याचे काम तिथे चालते. तिचा मालक तिशीतला, उत्साही. मोबाइलवरच्या मूळ चित्रणात एक कुत्रा भुंकत होता आणि शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, म्हणून चित्रपटालाही गाणे नव्याने मुद्रित करूनच हवे होते. ढोलकीवाल्याला कानावर यंत्र लावून वाजवायला जमेना. “कान झाकून वाजवू तर काय वाजवतोय ता कळणार कसा?” असे म्हणून त्याने ते काढून टाकले. शेवटी त्याला भाच्याच्या समोर, भाच्याचे ओठ दिसतील असे बसवले. मग जमले.

गाणे सहा मिनिटांचे. मालक म्हणाला, “काका, शेवटचं कडवं काढू या का? हल्ली तीन मिनिटांच्या पुढे कोणी ऐकत नाही.”

“नाही.”

“ऐकायला जड होतं, म्हणून म्हटलं.”

“होऊ दे.”

त्याने पुन्हा विचारले नाही. चित्रपटात ते कडवे येणार नव्हतेच. तिथे धृपद आणि पहिले कडवे एवढेच होते. पूर्ण गाणे ज्याला सापडेल त्याने ते शेवटपर्यंत ऐकावे किंवा बंद करावे, ही त्याची मर्जी. मालकाने गाण्याशिवाय नुसती ढोलकी आणि पेटी अशीही एक प्रत वेगळी काढली. ती बाईंनी मागितली होती. दृश्यात बोलणे असेल तिथे ती उपयोगी पडते म्हणे.

मंडळाचे नाव एकाच पद्धतीने लिहायचे, यावर दोन दिवस वाद झाला. पावतीपुस्तकावर एक, फलकावर दुसरे आणि ढोलकीवर तिसरे होते. मी फलकावरचे कायम केले. फोन नंबर भाच्याचा दिला. चित्रपट लागण्याच्या दहा दिवस आधी पूर्ण गाणे लोकांना ऐकायला मिळेल असे इंटरनेटवर चढवले. करार फक्त त्या चित्रपटापुरता केला. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्यांच्या मसुद्यात तीन ठिकाणी होता. तिन्ही ठिकाणी मी तो खोडून बाजूला सही केली. बाईंनी तो तसाच मान्य केला.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही अकरा जण दुपारच्या खेळाला गेलो. माझी बहीणही आली. दृश्य मध्यंतरानंतर होते. नायिका एसटीतून उतरली, चढणीला लागली आणि भाच्याचा आवाज सुरू झाला. घरी पुष्कळदा ऐकलेला तो आवाज तिथे मोठा आणि परका वाटला. मी घड्याळ बघत होतो. एकेचाळीस म्हणाले होते, अडतीस भरले. ढोलकीवाला मोठ्याने म्हणाला, “संपला?” मागच्या रांगेतून कोणीतरी त्याला गप्प बसवले. बहीण पदराने चष्मा पुसत होती. भाचा पाट्या संपेपर्यंत उठला नाही. झाडू घेऊन माणूस आत आला तरी तो बसूनच होता. शेवटी अगदी बारीक अक्षरांत, पुष्कळ नावांच्या खाली, आमची नावे सरकत गेली. माझे नाव त्यात होते. मी ते वाचले आणि बाहेर आलो.

बाईंचे म्हणणे बरोबर निघाले. त्या आठवड्यात पुष्कळांनी गाणे शोधून ऐकले. भाच्याला मुंबईहून, दुबईहून, बोटीवरच्या माणसांचे फोन आले. त्यांनी गाण्याची स्तुती केली. कार्यक्रमाचे बोलावणे मात्र एकच आले, तेही शहरातल्या एका सभागृहातल्या सामन्याचे. गणपतीनंतरच्या रविवारी, दुपारी. फलकावर आमच्या मंडळाच्या नावाखाली ‘चित्रपटातील गाण्याचे मानकरी’ असे छापले होते. भाचा म्हणाला, “मामा, आता ह्या एकावर हाय सगळा. इकडं पडलो तर उटायचा नाय.” ते खरे होते.

सभागृह भरले होते. बरीच माणसे चित्रपटामुळे आली होती. जाखडी कधी न पाहिलेल्या बायका पुढच्या रांगांत होत्या. समोर संगमेश्वरकडचे तुरेवाल्यांचे मंडळ. त्यांचा शाहीर जुना, धिप्पाड, हजरजबाबी. आमच्या दोन गाण्यांना त्याने बऱ्यापैकी उत्तरे दिली. मग तो पुढे आला, लोकांना नमस्कार केला आणि बोट माझ्याकडे करून गायला लागला:

गुरूच्या घरचा भात खाऊन नाव लावलं आपलं,
पडद्यावरती ठसठशीत कुणी स्वतःला छापलं?

सभागृह उसळले. तुरेवाल्यांची मुले चाळ आपटून नाचू लागली. “जबाब द्या! जबाब द्या!” असा ओरडा झाला. असा टोमणा येणार, हे मला अर्जावर सही केली त्या दिवसापासून ठाऊक होते. आरोप खरा होता. म्हणून मी तो मान्य करणाऱ्या दोन ओळी लिहिल्या: छापले हे कबूल, आणि खोटे लिहायचे नव्हते म्हणून छापले. ओळी मात्रांत नीट बसल्या होत्या. मी कागद फाडून भाच्याच्या हातात दिला.

त्याने तो वाचला. माझ्याकडे बघितले. मग कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

बावीस वर्षांत त्याने मी दिलेल्या ओळींशिवाय एक ओळ गायलेली नव्हती. ढोलकी एक आवर्तन फिरली. दुसरे फिरले. तिसऱ्याला उत्तर आले नाही, तर सामना गेला. ढोलकीवाल्याने माझ्याकडे मान वळवली. मी काही करू शकत नव्हतो. तिसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी भाचा दोन पावले पुढे गेला, शाहिराच्या समोर उभा राहिला, त्याला वाकून नमस्कार केला आणि गायला:

बरं झालं बाबा, तिकीट काढून गेलास तू थेटरात,
आमचं नाव वाचून आलास, तुझं शोध आता घरात.

आधी पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. मग सगळे सभागृह हसले. तुरेवाल्यांच्या मुलांनाही हसू आवरेना. त्या शाहिराने स्वतःच्या कपाळावर हात मारला, भाच्याला जवळ ओढले आणि त्याच्या पाठीत एक जोराची थाप घातली. “गाढवा, आजवर कुठं लपलावतास?” असे त्याने विचारले. ते ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू गेले.

त्या ओळींची मापे सारखी नव्हती. दुसरी ओळ लांब होती. ती त्याने घाईने उरकली. त्यांत खरेखोटे काहीच नव्हते, नुसता टोला होता. मी लिहिलेले उत्तर खरे होते. ते गायले असते, तर आम्ही सामना हरलो असतो.

कार्यक्रम संपल्यावर मी पडद्यामागे वह्या गोळा करत होतो. तीन-चार गावांचे लोक भाच्याभोवती उभे होते. ते चित्रपटातल्या गाण्याबद्दल बोलत नव्हते. थेटरातले उत्तर आपल्याही गावच्या तुरेवाल्यांना ऐकवायचे आहे, असे म्हणत होते. लांजाकडचा एक जण मला म्हणाला, “तुमी पेटीवाले का? तुमच्या गाणाऱ्या बुवाला जरा लवकर मोकळं करा, आमाला दिवस ठरवायचा हाय.”

“लिहितो मी,” मी म्हटले.

“हां हां. पण जबाब त्याचा हाय ना?”

“त्याचा आहे.”

भाच्याने घामेजलेल्या सदऱ्याचे खिसे चाचपले. “मामा, पेन द्या. दिवस लिवून ठेवतो, नायतर घोळ होईल.” मी पेन दिले. वरच्या खिशातून त्याने माझा कागद काढला, उलटा केला, ढोलकीवर ठेवून सपाट केला आणि कोऱ्या बाजूवर गावांची नावे आणि तिथी एकाखाली एक लिहू लागला.